कडू दळल्यानंतर

मेथी दळून द्यायला कुठलाच चक्कीवाला खुशीनं तयार होत नाही. ती दगडाच्या खाचांत जाऊन बसते आणि तिच्यामागून ज्याचे गहू येतील त्याच्या घरी त्या दिवशी पोळ्यांवरून भांडण होतं. भांडण त्यांचं आणि शिव्या चक्कीवाल्याला. म्हणून दारव्ह्यातल्या आमच्या चक्कीचा नियम ठरलेला आहे. मेथी दिवसाच्या शेवटी घ्यायची, आणि ती दळून झाली की घरची मूठ-दोन मूठ ज्वारी दगडातून काढायची. ते पीठ कोणाला द्यायचं नाही, गाईपुढं टाकायचं. बा त्याला 'दगड धुणं' म्हणतो.

बा म्हणजे माझे वडील. आमच्यात बापाला अहो-जाहो नसतं, म्हणून इथंही करत नाही. आणि घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो, पण ती लिहिली तर निम्म्या वाचकांना कळणार नाही. म्हणून घरातलं बोलणं मी वऱ्हाडीत लिहितो आहे, जी आम्ही चक्कीवर दिवसभर बोलतोच.

मेथीवरून मला गावातल्या बातम्या कळतात. कोणी गव्हाच्या डब्यासोबत मेथीची पुडी आणली की समजायचं, घरात बाळंतीण आहे आणि लाडू वळायचे आहेत. मी विचारतो, "काय झालं?" समोरची बाई पदर सावरत सांगते, पोरगा किंवा पोरगी, आणि मी तिचा डबा रांगेत शेवटी ठेवतो. अशी किती घरांची मेथी मी दळली, त्याचा हिशेब नाही. आमच्या घरची एकदाही दळली नाही. हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच.

लग्न होऊन बायको घरात आली त्या आठवड्यातली गोष्ट. अंगणात पपईचं झाड होतं आणि फळं पिकायला लागली होती. बायको दिग्रसकडच्या तांड्यातली, तिच्या माहेरी पपईचं झाड नव्हतं. तिनं एक फोड उचलली आणि याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, ती तिच्या हातातून काढून घेतली.

"पपईले हात लावजो नको, पोरी. आन् कडू बी खाजो नको. निंब नाही, कारलं नाही. कूस बिघडते."

याडीच्या नियमांना अपील नसायचं. पाडव्याला घरात सगळ्यांना कडुनिंबाची कोवळी पानं आणि गूळ वाटला, तेव्हा सुनेच्या हातावर नुसता गूळ आला. बायको मला खोलीत म्हणाली, "सासर असावं तं असं. सगळ्याइले कडू, मले गूळ." आम्ही दोघं खूप हसलो. नवीन लग्न होतं, कशालाही हसू यायचं.

त्याच उन्हाळ्यात याडी गेली. तिला साखर होती आणि ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. अंगठ्याला चप्पल लागली एवढंच निमित्त झालं. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. यवतमाळच्या दवाखान्यात बा तिच्या उशाशी बसून असायचा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की निंबाचा रस रोज घेतला असता तर साखर चढलीच नसती. त्यानं दवाखान्याच्या आवारातल्या झाडाची पानं तोडली, दगडानं ठेचली आणि तिच्या ओठांना रस लावला. तोवर तिला कडू-गोड कळत नव्हतं. पाय कापावा लागलेल्या बाईला निंबाच्या रसानं काय होणार होतं? पण बानं स्वतःशी ठरवून टाकलं की उशीर त्याच्यामुळे झाला.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्यासमोर स्टीलचा पेला धरला. आत हिरवंगार काहीतरी होतं.

"काय हाय हे?"

"पे. तुही याडी गेली. तुले नाही जाऊ देत मी."

अशा बोलण्याला कोण नाही म्हणणार? मी नाक दाबून प्यालो. डोळ्यांत पाणी आलं. बा माझ्या तोंडाकडं टक लावून पाहत होता.

"कडू लागलं?"

"लय."

"मंग बरोबर हाय."

त्या दिवसापासून तो पेला आमच्या घरात सूर्यासारखा रोज उगवायला लागला. बा पहाटेच उठायचा. रस्त्याकडंच्या झाडाची कोवळी पानं आकडीनं ओढायचा, कारल्याच्या दिवसांत कारलं घ्यायचा, आणि पाट्यावर वरवंटा चालवायचा. मिक्सर घरात होता, पण मिक्सरनं गुण जातो हे त्याचं मत. मग जुन्या धोतराच्या धडप्यात तो लगदा घालून पिळायचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून उचलून त्याचे हात जाड झालेले, त्या हातांनी पिळल्यावर पानात थेंब उरायचा नाही. वरून चमचाभर काळी पूड घालून ढवळायचा. ती पपईच्या बियांची. बिया चक्कीच्या टिनावर वाळवून तो खलबत्त्यात कुटायचा. पोट साफ राहते, काळीज साफ राहते, असं त्याला कोण्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं.

आता हे वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या लक्षात आलं नाही. झाड एक, घर एक, नियम याडीचा, आणि तो आम्ही तिच्या पश्चात देवासारखा पाळला. पपईची फोड माझ्या बायकोच्या तोंडाला लागू नये म्हणून फळं शेजारी वाटली, आणि त्याच फळाच्या बिया काढून मला चारल्या. कडू कुशीला वाईट, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. कुठलाही पाला घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला: बाईले चालते का? माणसाले चालते का, असं आमच्या तांड्यात, आमच्या गावात, माझ्या उभ्या आयुष्यात कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. जणू पोर एकट्या बाईच्या कुशीतून येतं आणि आपण पुरुष फक्त बारशाला हजर असतो!

वर्षं गेली. पहिल्या वर्षी लोक थट्टा करतात, दुसऱ्या वर्षी विचारतात, नंतर विचारणं बंद करतात आणि ते सगळ्यात वाईट. चक्कीवर डबा ठेवताना एक म्हातारी माझ्या बायकोला म्हणाली, "एवढ्या जगाचं पीठ काढता, तुमच्या घरी काहून नाही दळण निंगत?" बायकोनं डबा घेतला, वजन केलं, चिठ्ठी लावली. मी त्या म्हातारीचं पीठ जाडंभरडं काढून दिलं. एवढाच सूड चक्कीवाल्याच्या हातात असतो.

तपासण्या बायकोच्याच झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहणं. तिच्या हातावर सुयांचे डाग पडले. मी बाहेर बाकावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचो. सगळं ठीक निघालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाहेर डोकावून मला आत बोलावलं आणि एक छोटी डबी हातात दिली. इतके डबे भरले आयुष्यात, इतक्या बायांचे, इतक्या धान्याचे, पण ती एक डबी भरणं सगळ्यात जड गेलं. कसं ते सांगत नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई बोलायला नीट होत्या, आडून बोलल्या नाहीत. "संख्या फार कमी आहे. आहेत ते हलतही नाहीत." मला पहिल्यांदा वाटलं कागद दुसऱ्या कोणाचा असेल. मग वाटलं बायकोकडं पाहावं, आणि पाहवेना. इतकी वर्षं जी नजर लोक तिच्याकडं टाकत होते, ती खरं तर माझ्यासाठी होती आणि तिनं झेलली होती.

बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तंबाखू? खर्रा खातो. फवारणी करता? नाही, चक्की आहे. चक्कीत मोटरीजवळ, गरमीत बसता? दिवसभर. मोठा ताप आला होता? नाही. काही औषधं चालू आहेत?

"नाही," मी म्हणालो.

आणि बायको, जी डॉक्टरांसमोर कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, "रोज सकायी कडू पेतात नं तुमी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. काय काय असतं त्यात, किती, किती वर्षांपासून, असं विचारत गेल्या. पपईच्या बियांचं नाव निघालं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्या जे बोलल्या ते मी जवळजवळ तसंच लक्षात ठेवलं आहे. निंबाचा अर्क, पपईच्या बियांचा अर्क यांचे प्रयोग जनावरांवर झालेले आहेत, त्यात नरांचं बीज कमी झालेलं, मंदावलेलं दिसलं आहे. माणसांत किती घेतल्यावर किती होतं, हे नक्की कोणी सांगू शकणार नाही. तुमच्या बाबतीत खर्रा आहे, गरमी आहे, रस आहे, किंवा तिन्ही नसून चौथंच काही असेल. "मी कोणावर बोट ठेवणार नाही. पण तिन्ही बंद करा. नवं बीज तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात, त्यानंतर पुन्हा पाहू. थांबवलं की बरेचदा सुधारतं."

मी विचारलं, "पण ते तं औषध हाय नं, मॅडम? झाडाचं हाय."

"धोत्राही झाडाचाच असतो," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत आम्ही दोघं खिडकीबाहेर पाहत बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निंबच निंब. आमच्या जिल्ह्यात सावली म्हटली की निंबाचीच. त्या झाडांचा राग यावा असं झालं, पण झाडानं काय केलं? त्यानं थोडंच सांगितलं होतं मला ओरबाडून रोज पेलाभर प्या म्हणून? खर्ऱ्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, गरमीला घातल्या. तिसऱ्याचं नाव आलं की तोंड बंद व्हायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दारव्हा जवळ आलं तेव्हा बायको म्हणाली, "मामाजीले सांगू नका."

"न सांगता बंद कसं करू?"

"काही बी करा. पण सांगू नका. सासूबाई गेल्यावर थे माणूस सकायी त्या पेल्यासाठीच उठून राह्यले. त्याईले जर कयलं का त्याईच्याच हातानं..." सासऱ्यासमोर ती मान वर करून बोलत नसे, चहाचा कप मुकाट्यानं ठेवून निघून यायची. पण त्या माणसाला तिनं माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतं.

खर्रा मी सोडला, हात कापायचे, डोकं दुखायचं, पण सोडला. मोटरीपासून दूर दाराशी स्टूल ठेवलं. आणि रस? बा पेला द्यायचा, मी तो घेऊन "शटर उघडतो" म्हणत चक्कीकडं जायचो. घर मागं, चक्की पुढं, मधे बोळ आणि बोळात मोरी. तोंडाला पिठाचा रुमाल बांधलेला. पेला उपडा करायचा, मग्गाभर पाणी ओतायचं, आणि रिकामा पेला घेऊन परत यायचं. पिठानं माझं नाक कायमचं बुजलेलं, त्यामुळे वासाचाही त्रास नव्हता.

"कडू लागलं?"

"लय."

"मंग बरोबर हाय."

पहिले काही दिवस मला ते तोंड वाकडं करणं जमायचं नाही. मग सवय झाली. ज्या बापानं गाठी उचलून चक्की उभी केली, त्याच्या हातचं मी रोज मोरीत ओतत होतो आणि वर नाटक करत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असणार. एकदा वाटलं सांगून टाकावं. तेव्हा बा पाट्याशी बसून पानं निवडत होता, किडलेलं एकेक पान बाजूला काढत होता. माझ्या पोटात काही वाईट जाऊ नये म्हणून. मी परत फिरलो.

त्याच वर्षी पावसाळ्यात बानं न्हाणीच्या पाण्यावर पालक लावला. छान आला. बायको कुरकुरायची, "एवढा पालक निंगते आन् माह्या भाजीले दिसत नाही. बकऱ्या खातात का शेजारी नेतात, देव जाने." मी म्हणालो, "म्हाताऱ्याचा छंद हाय, राहू दे."

दुसरा रिपोर्ट बरा आला. बाई हसल्या. "सुधारतंय." आम्ही त्या दिवशी यवतमाळला बसस्टँडजवळ बसून कचोरी खाल्ली आणि बायकोनं स्वतःहून दुसरी मागवली. पुढं कपाशीची वेचणी जोरात असताना, जिनिंगकडं गाड्यांची रांग लागलेली असताना, तिला दिवस राहिले.

बाला मी सांगितलं तेव्हा तो उठला, चपला घातल्या आणि बाजारात गेला. आला तो मेथी घेऊन. मेथी, डिंक, खारीक. बाळंतपणाचं सामान इतक्या आधी आणत नाहीत, अपशकुन मानतात, हे सगळ्या गावाला माहीत आणि सगळ्यात जास्त त्याला. पण तो खाटेवर बसून एकेक दाणा निवडत होता, आणि म्हणाला, "ही मेथी आपल्या दगडातून निंगन तवा मी दगड धुनार नाही. खाऊ दे साऱ्या गावाले कडू पोया." आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःचा नियम मोडायला निघाला होता. डबा त्यानं फळीवर ठेवला, याडीच्या फोटोखाली.

चौथ्या महिन्यात ते गेलं. सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं आणि दुपारी संपलं. कारण विचारलं तर बाई म्हणाल्या, असं होतं, बरेचदा कारण सापडत नाही, याचा त्या जुन्या गोष्टीशी संबंध लावू नका, तुमचा कोणाचाच दोष नाही. डॉक्टर हे म्हणतात आणि आपण मान हलवतो. बायको जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तिनं रडायला पाहिजे होतं, ती रडली नाही. मी रडलो. चार अनोळखी माणसं समोर बसलेली असताना ढसाढसा रडलो आणि त्यांनी भल्या माणसांसारखं बाहेर पाहिलं.

घरी बा दारातच उभा होता. ती आत गेली. तो माझ्याजवळ आला आणि त्याच्या त्या जाड हातानं माझी पाठ चोळत राहिला.

"कडू दयलं का मांगून येनारं पयलं पीठ वाया जाते, बेटा. दगडाचा गुण हाय थो. दुसरं चांगलं निंगन."

मला वाटलं, चक्कीवाला माणूस, चक्कीच्या भाषेत समजूत घालतो आहे. कडू कशाला म्हणाला, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

दुसरं निघालं नाही. एक वर्ष गेलं, आणखी गेली. रिपोर्ट कधी बरे यायचे, कधी नाही. बाईंनी नागपूरच्या मोठ्या उपचाराचं सांगितलं. आम्ही गेलो, केलं, आणि तेही हातचं निसटलं. त्या दिवशी बायको म्हणाली, "आता पुरे. माह्या आंगात सुई टोचाले जागा नाही राह्यली." मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही. तिच्या कपाळावरचे केस आता पिकायला लागले आहेत. ती ते लपवत नाही.

पेला मात्र सुरूच होता. आता ओतायचं कारणही उरलं नव्हतं, पण सवय म्हणून मी ओतत होतो आणि सवय म्हणून तो विचारत होता.

यंदाच्या चैत्रातली गोष्ट. सकाळी शटर अर्धं वर केलं तर ती म्हातारी दारात हजर. तीच, जिचं पीठ मी जाडं काढलं होतं. सोबत मेथीची पुडी. "नातसुनेले पोरगी झाली, बापू," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहून तिला काहीतरी आठवलं असावं, कारण ती पुडी ठेवून घाईनं निघून गेली. तिचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. राग आला तो सगळ्या जगाचा. खर्रा खाणाऱ्यांना पोरं होतात, दारू पिणाऱ्यांना होतात, ज्यांना नको त्यांना होतात. मी सगळं सोडलं, ओतलं, खोटं बोललो, आणि माझ्या वाट्याला दुसऱ्याची मेथी.

पेला हातातच होता. मोरीपाशी गेलो आणि थांबलो. आता कोणासाठी ओतायचं? कोणाला वाचवायचं आहे? साखर तर साखर, येऊ दे किंवा न येऊ दे. निदान म्हाताऱ्याच्या हातचं एकदा तरी खरं पिऊ. रुमाल खाली ओढला, डोळे मिटले आणि सगळा पेला एका दमात पोटात घातला.

कडू नव्हतं.

मला वाटलं जीभही गेली नाकासारखी. तळाशी राहिलेलं बोटानं चाटून पाहिलं. पालक. कच्च्या पालकाची ती मातकट, तुरट, साधी चव. पपईच्या बिया नाहीत, निंब नाही, काहीच नाही.

मी मोरीच्या कडेला बसलो. हळूहळू एकेक गोष्ट जागेवर येत गेली. न्हाणीवरचा पालक, जो कधी भाजीत दिसला नाही. म्हणजे इतकी वर्षं. म्हणजे बाळ राहिलं त्याच्याही आधीपासून. आणि मग ते दुसरं लक्षात आलं, ज्यानं मला उठवेना. ज्या सकाळी त्यानं पहिल्यांदा पालक पिळला, त्या सकाळी मी मोरीत ओतून आलो होतो, आणि त्यानं विचारल्यावर तोंड वाकडं करून म्हणालो होतो, "लय कडू." तेव्हाच त्याला कळलं असणार की पोरगा पीत नाही. आणि का पीत नाही तेही. आपल्या हातानं काय झालं असू शकतं हे त्या माणसानं माझ्या खोट्या बोलण्यातून ऐकलं, आणि तो म्हणाला, "मंग बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा पाट्याशी बसला, कारण तो थांबला असता तर मला कळलं असतं की त्याला कळलं आहे.

त्याला आधी कोणी सांगितलं, मला माहीत नाही. बायकोला मी नंतर विचारलं, ती म्हणाली, "म्या नाही सांगतलं." कदाचित कोणीच सांगितलं नसेल. डॉक्टरकडून आल्यावर खर्रा सुटला, स्टूल हललं, हे त्याला दिसत होतं. याडीचा नियम त्याला पाठ होता. बाकीचं त्यानं पाट्याशी बसून एकट्यानं जुळवलं असेल. कसं जुळवलं असेल, आणि ते जुळल्यावर उरलेला दिवस त्यानं कसा काढला असेल, याचा विचार माझ्यानं पुरा होत नाही.

मी तोंड धुतलं नाही. पेला घेऊन तसाच आत गेलो. बा वरवंटा धूत बसला होता. पाट्यावरचं हिरवं पाणी न्हाणीकडं वाहत होतं. त्याची पाठ आता फार वाकली आहे. त्यानं पेल्यासाठी हात पुढं केला आणि सवयीनं विचारलं,

"कडू लागलं?"

मी पेला त्याच्या हातात दिला. त्यानं वर पाहिलं. माझ्या मिशीला, ओठांना हिरवं लागलेलं होतं. तो पाहत राहिला. पेल्यात पाहिलं, पुन्हा माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्याची हनुवटी हलायला लागली.

"लय," मी म्हणालो. "लय कडू होतं, बा."

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचं टोक पाण्यात भिजवलं आणि मला खाली बसायची खूण केली. मग, लहान पोराचं पुसतात तसं, माझं तोंड हळूहळू पुसून काढलं.

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला.